८×४२ दुर्बीण: रोज पायी फिरणाऱ्या नागपूरकरांसाठी

जंगल सफारीला जायचं असेल तरच दुर्बीण घ्यावी, असा एक समज आहे. मला तो अजिबात पटत नाही. ताडोबा किंवा पेंचला जिप्सीत बसायचा योग वर्षातून एखाद्या वेळी येतो. सेमिनरी हिल्स आणि अंबाझरी मात्र रोजचे आहेत. त्या रोजच्या फिरण्यासाठीच मी ही ८×४२ दुर्बीण घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दहा हजारांच्या आसपास या मापाच्या बऱ्याच चांगल्या दुर्बिणी मिळतात, आणि नावापेक्षा आकडे बघून घ्यावी असं माझं मत आहे.

८ म्हणजे आठपट जवळ दिसतं. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की ५.२५ येतात, आणि तेवढ्या मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ डोळ्यापर्यंत पोचतं. थंडीत साडेसहाला झाडांखाली अंधुकच असतं, तेव्हा हा आकडा कामी येतो. शेजारच्या काकांकडे खिशात मावणारी ८×२१ आहे, तिचं वर्तुळ २.६ मिलिमीटरचं. भर उन्हात दोन्ही सारख्याच वाटतात. पण पहाटे कडुनिंबात बसलेला पिंगळा त्यांच्या दुर्बिणीत नुसता काळा गोळा दिसतो, माझ्या दुर्बिणीत त्याच्या डोक्यावरचे पांढरे ठिपके मोजता येतात. दुकानदार १०×चा आग्रह धरतात. शहरात फिरायला ती घेऊ नये. चित्र मोठं होतं तशी हाताची थरथरही मोठी होते, शिवाय दिसणारा भाग आक्रसतो. शिंजीर सापडेस्तोवर दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो.

ही दुर्बीण वसूल झाली ती राखी धनेशावर. नागपुरात हा पक्षी नवा नाही, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर त्याची किंचाळी कोणीही ऐकलेली असते. पण नुसत्या डोळ्यांनी दिसते ती लांब शेपटीची आकृती. वडाला फळं आली होती तेव्हा एक नर मला निवांत बघायला मिळाला. चोचीच्या टोकात फळ अलगद धरायचं, मान झटकून वर उडवायचं आणि थेट घशात झेलायचं, असं त्याचं चाललेलं. त्याला पापण्यांचे केस असतात हे मी तोवर वाचलंसुद्धा नव्हतं. काळे, जाड, वर वळलेले. सोबतच्या पोट्ट्याच्या हातात दुर्बीण दिली तर तो ओरडलाच, "काकू, थो पापण्या मिटून राहिला!" उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला खाऊ घालतो. अशी ढोली सापडली तर खाली गर्दी करू नका, लांबून बघा. दुर्बीण असण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, की पाखराला त्रास न देता त्याच्या घरात डोकावता येतं.

अंबाझरीला सकाळी शहराकडच्या काठावर उभं राहावं. सूर्य पाठीमागे असतो आणि पाण्यावरची बदकं रंगांसकट दिसतात. हिवाळ्यात थापट्याची ती फावड्यासारखी चोच मला इथेच नीट कळली. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये, हे मुलांना देताना आधी सांगावं. डोळा कायमचा जाऊ शकतो.

चष्मेवाल्यांनी आयरिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे ना ते बघावं, आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून वापरावं. मी चष्म्यासकट आरामात बघते. उजव्या डोळ्याची कडी एकदा लावून घ्यायची असते: आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावा स्पष्ट करा, मग डावा मिटून कडी फिरवा. हे न करता लोक दुर्बिणीला नावं ठेवतात.

त्रुटी आहेतच. तीन मीटरच्या आतलं काही स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे पायाशी घाणेरीवर बसलेल्या फुलपाखरासाठी मागे सरकावं लागतं. सोबत आलेला पट्टा मानेला रुततो. मी खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घेतला, तेव्हापासून तक्रार नाही. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत. पावसाळ्याची मात्र चिंता नाही, आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही. मे महिन्यात गाडीत ठेवून जाऊ नये, एवढं पथ्य पाळते.

घ्यायला जाताना भर दुपारी जाऊ नका. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास जा आणि दुकानाबाहेर येऊन समोरच्या विजेच्या तारेवर रोखा. तारेच्या कडेला जांभळी किनार जितकी कमी, तितकी भिंगं चांगली. एकाच तारेच्या दोन दिसल्या तर ती दुर्बीण परत करून दुसरी मागा.