एटीव्हीमागची स्लेज: टब चांगला, दोरी बाद

जानेवारी-फेब्रुवारीत मुलांचा गट घेऊन मुंबईहून मनालीजवळच्या सोलंगला जाणाऱ्यांनी स्वतःची स्लेज न्यावी का, आणि नेली तर तिथल्या भाड्याच्या एटीव्हीमागे (रुंद टायरांची, हँडलने चालवायची उघडी चारचाकी) ती जोडावी का, एवढ्यापुरतं हे परीक्षण. वस्तू ओळखीची आहे: पॉलिथिलिनचा एकसंध टब, साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, आठ-दहा इंच खोल. पुढच्या कडेला दोन भोकं आणि त्यांत ओवलेली चार-पाच मीटर दोरी. गोठलेल्या तळ्यांवर मासे पकडणारे लोक तंबू, ड्रिल, माशांचे खोके ओढायला हाच टब वापरतात. त्या कामाला तो उत्तम आहे. मुलं बसवायची असतील तर टब ठेवा आणि दोरी काढून तिच्या जागी ताठ दांडा लावा.

दोरीला ओढता येतं, अडवता येत नाही. आपल्याकडे हे चटकन लक्षात येत नाही, कारण आपण ओढण्याचे खेळ पाहिले ते पाण्यावर आणि वाळूवर. मालवणला बनाना बोट दोरीनेच ओढतात. पुढची बोट मंदावली की पाणी मागच्या फुग्याला लगेच धरतं. नागावच्या पुळणीवर एटीव्हीमागे फळी बांधून पाहिली तर तीही दोरी सैल पडताच हातभर सरकून थांबते. म्हणून 'वाळूवर चालवून पाहिलं, काही झालं नाही' या चाचणीला अर्थ नाही. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर गुळगुळीत पॉलिथिलिनचा घर्षणांक ०.०५ च्या आसपास असतो, वाळूवर त्याच्या कितीतरी पट.

हिशेब सोपा आहे. ताशी १० किलोमीटर वेगात एटीव्हीने ब्रेक दाबला तर रुंद टायरांच्या जोरावर ती सपाट बर्फावर दीड-दोन मीटरमध्ये थांबते. मोकळी स्लेज मात्र सुमारे ८ मीटर घसरत येते. दोरी पाच मीटरची. उरलेलं अंतर मुलांच्या पायांचं आणि मागच्या चाकाचं. वेग ताशी २० केला तर घसरण दुप्पट नाही, चौपट होते, म्हणजे ३० मीटरच्या पुढे. इतकी लांब दोरी बांधायची तर वळणावर स्लेज कुठल्या झाडाकडे जाईल ते चालवणाऱ्याला दिसणारही नाही. आपटण्याचा जोर समजून घ्यायचा असेल तर असं पाहा: ताशी १० ला धडकणं म्हणजे ४० सेंटिमीटरवरून पडणं, ताशी २० ला दीड मीटरवरून, ताशी ३० ला साडेतीन मीटरवरून. गॅलरीतून कुणी मुलाला झोका देत नाही.

नायलॉनची दोरी घेतली की झटका बसत नाही, असा एक समज आहे. झटका कमी बसतो हे खरं, पण ताणलेली नायलॉनची दोरी तिची कडी सुटताच रबरासारखी उलट येते, आणि तिच्या वाटेत स्लेजमधल्या पुढच्या मुलाचा चेहरा असतो. दोरी वायरिंगच्या कॉन्डुइट पाइपमधून ओवून 'ताठ' करण्याची युक्तीही टिकत नाही. लोहार चाळीत मिळणारा पीव्हीसी कॉन्डुइट थंडीत ठिसूळ होतो. पहिल्या तिरक्या धक्क्याला त्याच्या चिरफळ्या होतात, आणि त्यांना धार असते.

तेव्हा खरी खरेदी दांड्याची. टबासोबत बहुधा तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो किंवा करून घ्यावा लागतो. कुर्ला-साकीनाक्याच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाऊण इंची 'बी क्लास' जी.आय. पाइपचे (निळ्या पट्ट्याचा, पिवळ्या पट्ट्याचा पातळ असतो) दोन मीटरचे दोन तुकडे, पुढे एकत्र, मागे ४० सेंटिमीटर फाकलेले, मध्ये एक आडवा तुकडा: इंग्रजी 'ए'चा आकार. वजन सहा-सात किलो. दोन मीटरपेक्षा आखूड करू नका. एटीव्हीची खूंट (मागे काही ओढायचं असेल तर ते जोडायची जागा) जमिनीपासून ३५-४० सेंटिमीटरवर आणि टबाची भोकं १२-१५ वर असतात. दोन मीटरच्या दांड्याला त्यामुळे सातेक अंशांचा चढ मिळतो, टबाचं नाक जेमतेम उचललेलं राहतं आणि बर्फात रुतत नाही. एक मीटरला तोच चढ तेरा-चौदा अंश होतो, नाक हवेत जातं आणि मुलं मागे लोटली जातात. शिवाय तोंडं सायलेन्सरच्या धुराजवळ येतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मूल पेंगायला लागलं, डोकं दुखतं म्हणालं तर थंडीला दोष देण्याआधी त्याला मोकळ्या हवेत न्या.

दांडा टबाला जोडताना बिजागरी वर-खाली हलली पाहिजे, नाहीतर खाचखळग्यात टबाची कड फाटते. डावी-उजवीकडे मात्र ती अजिबात हलू नये. तो फिरणारा सांधा एकच, एटीव्हीच्या खुंटीवर, उभ्या पिनवर. पिनला आर-क्लिप (पिन निसटू न देणारी स्प्रिंगची क्लिप) हवीच. वाकवलेला खिळा क्लिपचं काम करत नाही. सोबत एक आखूड साखळी, पिन निघालीच तर दांडा जमिनीत खुपसू नये म्हणून.

सगळ्यात जास्त बिघाड होतो तो टबाच्या भोकांपाशी. कंपनीची भोकं दोरीसाठी असतात, दांड्याचा धक्का सोसायला नव्हे. आतून-बाहेरून ४ मिलिमीटरची लोखंडी पट्टी द्या, १० मिलिमीटरचे बोल्ट, ४० मिलिमीटरचे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्याने धक्क्याने न सुटणारे). नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं. बोल्टचं गोल डोकं आत आणि नट बाहेर ठेवा. उलटं बसवलं तर नटाचं टोक पोरांच्या पावलांत. नवीन भोक पाडलंत तर कड कानशीने गुळगुळीत करा, कारण थंडीत तडा नेहमी खरखरीत कडेपासून सुरू होतो. घेताना साहित्यही तपासा. एचडीपीई (घट्ट जातीचं पॉलिथिलिन) शून्याखाली लवचीक राहतं, पॉलिप्रॉपिलिन तडकतं. तळाला लांबीच्या दिशेने उठलेल्या पट्ट्या असलेलाच टब घ्या. सपाट तळाचा वळणावर बाहेर फेकला जातो, आणि दांडा ते पूर्ण रोखू शकत नाही.

आता भाड्याची एटीव्ही. राइड देणाऱ्यांच्या गाडीला मागे ओढण्यासाठीची खूंट नसेल तर सामानाच्या कॅरियरला बांधून देण्याची तयारी लगेच दाखवली जाते. नकार द्या. कॅरियर उंच असतो; चढावर त्याला ओढ बसली की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी मागे उलटू शकते, नेमकी स्लेजवर. खूंट असेल तर ओढभाराची मर्यादा गाडीवरच्या स्टिकरवर वाचा. चाकामागे रबरी मडफ्लॅप नसेल तर टायरने उडवलेले बर्फाचे खडे थेट मुलांच्या तोंडावर येतात, म्हणून ट्रकच्या मडफ्लॅपचा एक तुकडा आणि दोन क्लॅम्प सोबत न्या. किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. १६ वर्षांखालच्या मुलाने मोठी एटीव्ही चालवायची नाही, मग तो कितीही 'मला येतं' म्हणो.

मुलं बसवण्याआधी टबात ३० किलो वाळूची पोती ठेवून तीन फेऱ्या मारा: एक सरळ, एक वळणाची, एक जोरात ब्रेक दाबून. पोतं पडलं तर वेग जास्त आहे. लो गिअर, ताशी ८ ते १०, वळण सहा मीटर त्रिज्येपेक्षा आखूड नको. सकाळी नऊपर्यंत बर्फ काचेसारखा असतो. अकरानंतर वरचा थर मऊ पडला की टब थोडा जड चालतो आणि वागायला शहाणा होतो. आडव्या उतारावर जाऊच नका, आणि मुलं बसलेली असताना गाडी मागे घेऊ नका. दांडा लगेच कात्रीसारखा दुमडतो. उतरवा, पिन काढा, टब हाताने वळवा.

एका टबात दोनच मुलं, जड ते मागे. तोंड पुढे, पाय आत. टबाला पट्ट्याने बांधायचं नाही. उलटला तर बांधलेलं मूल फरपटत जातं. मफलर आणि ओढणी काढून गळ्याला बंद कॉलर. हेल्मेट सायकलचं किंवा स्कीचं चालतं, बाबांचं दुचाकीचं लहान मानेला जड होतं. कानटोपी हेल्मेटखाली बसेल अशी पातळ घ्या. चालवणाऱ्याव्यतिरिक्त एक मोठा माणूस रिंगणाच्या मधोमध उभा, त्याचा हात वर गेला की गाडी थांबली पाहिजे. चालवणाऱ्याने मागे वळून पाहत गाडी हाकणं म्हणजे दोन्हीकडे दुर्लक्ष.

टबाला आमचे पाचपैकी चार गुण: हलका, एकात एक रचता येतो, रेल्वेच्या लगेजमध्ये फार जागा खात नाही. अर्धा गुण कापला तो कडेला हाताने धरायला काही नाही म्हणून, अर्धा भोकांसाठी. दोरीसकट 'मुलांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाला एक, तोही टबामुळे. दांडा जोडलेल्या संचाला साडेतीन, पण सपाट आणि मोकळं मैदान असेल तरच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर स्नोमोबिलमागे (बर्फावर चालणारी मोटरगाडी) स्लेज ओढूच नका असं सांगते, आणि आमचे साडेतीन गुण वाचताना हेही डोळ्यांसमोर ठेवा. सहा वर्षांखालच्यांना आम्ही यंत्रामागे बसवत नाही. त्यांच्यासाठी हाच टब, तीच काढून ठेवलेली दोरी, आणि ओढायला एक माणूस, गुलमर्गचे स्लेजवाले ओढतात तसा. माणूस थांबला की टब फार तर त्याच्या पोटऱ्यांवर येऊन टेकतो.