ड्राफ्टवरची टीका: ऐकायची, की संघावर भरवसा ठेवायचा?

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, आपल्या संघाने भलताच खेळाडू उचलला आणि तज्ज्ञांनी नाक मुरडलं, की चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, समीक्षक बरोबर आहेत, आपल्या व्यवस्थापनाला काही कळत नाही. दुसरा म्हणतो, आत बसलेल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तीन वर्षं थांबा. न्यू जर्सीतला माझा भाचा नुकताच न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या नादी लागलाय. कुठल्या तटात उभं राहायचं, असं त्याने विचारलं. मी ग्रीन बे पॅकर्सचा. आमच्या दोघांच्या संघांनी एका वर्षाच्या अंतराने पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला आणि दोघांनीही भरपूर बोल खाल्ले. म्हणून त्या दोन निवडीच शेजारी-शेजारी मांडतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर एक फरक आधी लक्षात घ्या. लिलावात पैसा चालतो, ड्राफ्टमध्ये पाळी. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. नवख्याचा पगार तो कितव्या क्रमांकावर गेला त्यावरून जवळपास ठरलेलाच असतो. करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे. त्यामुळे इथे ‘महाग पडला’ याचा अर्थ डॉलरमध्ये नसतो. कुठली पाळी खर्च केली आणि तेव्हा आणखी कोण शिल्लक होतं, यावर तो ठरतो.

पॅकर्स, २०२०: जॉर्डन लव्ह

२०१९ च्या हंगामात आम्ही १३ सामने जिंकले, तीन हरलो, आणि सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडे फोर्टीनाइनर्स संघाकडून ३७–२० असा मार खाल्ला. ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा होता. त्याला चेंडू झेलणारा आणखी एक चांगला माणूस, म्हणजे वाइड रिसीव्हर द्या, असं सगळे म्हणत होते. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी ३० वी पाळी आणि चौथ्या फेरीतली एक पाळी डॉल्फिन्स संघाला देऊन २६ वा क्रमांक मिळवला, आणि युटा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. त्या संपूर्ण ड्राफ्टमध्ये आम्ही एकही रिसीव्हर घेतला नाही. टी हिगिन्स हा रिसीव्हर ३३ व्या क्रमांकावर बेंगल्सकडे गेला, मायकल पिटमन हा दुसरा ३४ व्या क्रमांकावर कोल्ट्सकडे.

टीकेचे तीन धागे होते, पण लोक ते एकाच दोरीत वळत होते. पहिला: खेळाडू कच्चा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लव्हचे २० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) होते आणि १७ वेळा त्याचा चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पळवला होता. हा धागा तुटला. २०२३ मध्ये पहिल्यांदा पूर्ण हंगाम खेळायला मिळाल्यावर त्याने ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन पास दिले, आणि बाद फेरीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८–३२ असं हरवलं.

दुसरा धागा: रिसीव्हरशिवाय संघ जिंकणार नाही. यात बरीच अतिशयोक्ती होती. २०२० मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण आम्हीच केले, रॉजर्सने ४८ टचडाउन पास दिले आणि तो त्या वर्षी व पुढच्याही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी २०२१ मध्ये घरच्या मैदानावर टॅम्पा बेकडून ३१–२६ असं हरलो ती रात्र मला अजूनही लागते. पण त्या सामन्यात आमच्याच रिसीव्हर मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंगने ११५ यार्ड मिळवले होते. मध्यंतराच्या तोंडावर बसलेला टचडाउन बचावफळीच्या चुकीने बसला होता, आणि शेवटची दोन मिनिटं उरली असताना आठ गुणांनी मागे राहून तीनच गुणांचा फील्ड गोल मारायचा निर्णय प्रशिक्षकांचा होता. हिगिन्स असता तर जिंकलो असतो, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

तिसरा धागा सर्वांत मजबूत, आणि त्याच्यावर सर्वांत कमी बोललं गेलं. क्वार्टरबॅकच्या नवख्या कराराची खरी किंमत ही की तो स्वस्त असताना उरलेला पैसा इतरांवर खर्च करता येतो. लव्हची त्या चारपैकी तीन स्वस्त वर्षं बाकावर गेली. खेळायला लागून एक हंगाम झाला, आणि २०२४ च्या जुलैत चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार करावा लागला. संघाच्या बाजूने बोलणारे २००५ चा दाखला देतात: ब्रेट फार्व्ह असताना रॉजर्सलाही २४ व्या क्रमांकावर घेतलं होतं, तोही तीन वर्षं बसला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला. दाखला खरा आहे. पण तेव्हा नवख्यांच्या पगारावर आजच्यासारखी बंधनं नव्हती, ती २०११ पासून आली. म्हणून स्वस्त वर्षांचा हा हिशेब २००५ ला तसाच्या तसा लागू होत नाही.

जायंट्स, २०१९: डॅनियल जोन्स

इथे गणित वेगळं. ईलाय मॅनिंग ३८ वर्षांचा झाला होता, क्वार्टरबॅकची गरज कोणीच नाकारत नव्हतं. वाद पाळीचा होता. जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांनी ड्यूक विद्यापीठाचा जोन्स सहाव्या क्रमांकावर उचलला, आणि चाहत्यांनी हुर्यो केली. ओडेल बेकहॅम हा रिसीव्हर दुसऱ्या संघाला दिल्याच्या बदल्यात मिळालेला १७ वा क्रमांकही हातात होता, तिथपर्यंत थांबायला काय झालं होतं? १७ च्या आधी त्याला घेणारे दोन संघ मला ठाऊक होते, असं गेटलमन यांचं उत्तर. सातव्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलने बचावातला जॉश ॲलन घेतला (बफेलोचा क्वार्टरबॅक ॲलन वेगळा, गल्लत करू नका), आणि त्याने पहिल्याच हंगामात १०.५ सॅक काढल्या, म्हणजे चेंडू हातात असलेल्या क्वार्टरबॅकला तितक्या वेळा पाडलं.

जोन्सने सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात टॅम्पाविरुद्ध १८ गुणांची पिछाडी भरून काढत ३२–३१ असा विजय मिळवला, आणि हुर्यो करणारे काही दिवस गप्प झाले. मग तीन वर्षं पडझड. २०२२ मध्ये बाद फेरीत मिनेसोटाला हरवलं, आणि मार्च २०२३ मध्ये चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी गुडघा गेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. भाच्याच्या मते समीक्षकांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं ठरलं.

मला ते तसं वाटत नाही. २०१९ ची निवड आणि २०२३ चा करार हे दोन वेगळे निर्णय आहेत, वेगळ्या जनरल मॅनेजरांनी घेतलेले. पाचवं वर्ष वाढवायचा हक्क जायंट्सनी २०२२ मध्ये सोडून दिला होता, म्हणून पुढच्याच वर्षी एवढी मोठी रक्कम मोजावी लागली. तो दोष ड्राफ्टच्या रात्रीवर टाकता येत नाही. आणि २०२५ मध्ये कोल्ट्सकडे गेल्यावर याच जोन्सने पहिल्या आठपैकी सात सामने जिंकून दाखवले, म्हणजे मुलगा खेळाडूच नव्हता हा आरोपही डळमळतो. उरते ती सहाव्या पाळीची तक्रार. ती तेव्हाही योग्य होती, आजही आहे.

२०१९ च्या त्याच रात्री १७ व्या क्रमांकावर बचावफळीतला डेक्स्टर लॉरेन्स जायंट्सकडे आला. जोन्सच्या गदारोळात त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही, आणि पुढे तोच २०२२ पासून सलग तीन वर्षं प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या यादीत, निवडला गेला.

मग कोणाचं ऐकायचं?

खेळाडू कसा निघेल, याबाबत मी समीक्षक ड्राफ्टनंतर संघांना जे गुणांकन देतात, त्याला फार किंमत देत नाही. सिएटल सीहॉक्स संघाच्या २०१२ च्या ड्राफ्टला काहींनी चक्क नापास केलं होतं. दुसऱ्या फेरीतला बचावपटू बॉबी वॅग्नर आणि तिसऱ्या फेरीतला, उंचीने कमी म्हणून मागे राहिलेला क्वार्टरबॅक रसेल विल्सन यांच्या जोरावर त्यांनी दोन हंगामांत डेन्व्हरला ४३–८ असं लोळवून सुपर बोल घेतला. एकविशीतला मुलगा पुढे काय होईल हे बाहेरच्यांना कळत नाही, आणि आतल्यांनाही खात्रीने कळत नाही.

पाळीचा आणि वेळेचा हिशेब मात्र बाहेरूनही नीट करता येतो. कोण शिल्लक होतं, किती पाळ्या देऊन वर सरकलो, हा मुलगा खेळणार कधी आणि तोवर करार किती संपलेला असेल, हे त्याच रात्री दिसत असतं. टीका या हिशेबाची असेल तर मी समीक्षकांच्या बाजूला उभा राहतो, संघ माझा असला तरी. लव्ह मला मनापासून आवडतो, दर रविवारी त्याच्यासाठी ओरडतो, आणि तरीही तीन वर्षं वाया गेली असंच म्हणतो.

भाच्यालाही तेच सांगितलं. सहाव्या पाळीवर रागवायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्या रात्रीची हुर्यो मात्र गेटलमन यांच्या वाट्याची होती, आणि ती ऐकावी लागली २१ वर्षांच्या जोन्सला. त्याने स्वतःला सहाव्या क्रमांकावर निवडलं नव्हतं.