किमो-रेडिएशन झालं, आता पुढे काय: इम्युनोथेरपी, गोळी की नुसता फॉलोअप?

परिस्थिती अशी धरू. फुफ्फुसाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणून किमो आणि रेडिएशन एकत्र दिलं, साधारण सहा आठवडे चाललं, नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालीय किंवा निदान वाढलेली तरी नाही, आणि डॉक्टर म्हणतायत आता वर्षभर इम्युनोथेरपी. घरात लगेच "घ्यायची की नाही" हा वाद सुरू होतो. पण पर्याय तीन आहेत, आणि त्यातला कुठला कुणाला लागू हे बरंचसं बायोप्सीच्या त्या छोट्या तुकड्यावर केलेल्या दोन टेस्टवरून (म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या जनुकातला बदल, आणि पीडी-एल१) ठरतं, त्यामुळे वाद घालण्याआधी ते रिपोर्ट काढून समोर ठेवा. माझं मत आत्ताच सांगतो: म्युटेशनचा रिपोर्ट हातात नसताना इम्युनोथेरपीचा पहिला डोस घेऊ नये, कितीही घाई वाटली तरी.

(हे सगळं नॉन-स्मॉल सेल प्रकाराबद्दल आहे. स्मॉल सेल असेल आणि आजार छातीपुरताच असेल तर तिथे ड्युरव्हालुमॅब (खाली सांगितलेलं तेच इम्युनोथेरपीचं औषध) जास्तीत जास्त दोन वर्षं देतात, ते गणित वेगळं, इथे मिसळू नका.)

आधी इम्युनोथेरपी. औषधाचं नाव ड्युरव्हालुमॅब, सलाईनमधून देतात, दर दोन किंवा चार आठवड्यांनी, एक वर्ष. कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रोटीन पुढे करून आपल्या रोगप्रतिकारक पेशींना गप्प बसवतात, हे औषध तो मार्ग अडवतं. रेडिएशननंतरच का, तर रेडिएशनने मेलेल्या पेशींमधून बरंच काही बाहेर पडतं आणि त्यामुळे शरीराला शत्रू ओळखायला मदत होते असं मानतात. गंमत म्हणजे रेडिएशन चालू असतानाच सुरू केलं तर आणखी फायदा होईल असं वाटून तेही करून पाहिलं, पॅसिफिक-२ नावाच्या ट्रायलमध्ये, आणि तिथे फायदा दिसला नाही. म्हणजे सध्या तरी आधी किमो-रेडिएशन पूर्ण, मग हे, हाच क्रम.

सगळा आधार ज्या ट्रायलवर आहे तिचं नाव पॅसिफिक, सातशेच्या वर पेशंट. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्के हयात होते, प्लासिबोवाल्यांपैकी (म्हणजे औषध नसलेली नुसती सलाईन मिळालेल्यांपैकी) ३३.४ टक्के. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा (किंवा मृत्यूपर्यंतचा) मध्यम काळ (निम्म्या पेशंटनी जो ओलांडला तो) १६.९ महिने विरुद्ध ५.६ महिने. फरक मोठा आहे, यात शंका नाही.

पण तो ३३.४ चा आकडा परत वाचा. म्हणजे नुसता फॉलोअप ठेवलेल्यांपैकीही तिसरा हिस्सा पाच वर्षं काढतो, त्यातल्या काहींचा आजार किमो-रेडिएशननेच गेलेला असतो आणि त्यांना पुढच्या औषधाची गरज नसते. अडचण एवढीच की ते कोण हे आधी ओळखता येत नाही. दुसरीकडे औषध घेऊनही अर्ध्याहून जास्त पेशंट पाच वर्षांपर्यंत पोचत नाहीत. सगळ्यांना एकच औषध एकच वर्ष देण्यापेक्षा माणूस बघून ठरवा असं जे डॉक्टर हल्ली बोलतात ते या दोन गटांमुळे.

आता गोळी. हा पर्याय सगळ्यांना नाही, फक्त ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात म्युटेशन आहे त्यांना (नेहमीची दोन म्हणजे एक्झॉन १९ डिलीशन आणि एल८५८आर). सिगारेट कधीच न ओढलेल्यांत आणि अॅडेनोकार्सिनोमा प्रकारात हे जास्त सापडतं, पण ओढणाऱ्यांतही सापडू शकतं, तेव्हा अंदाजावर सोडू नका. अशा पेशंटना इम्युनोथेरपीचा फायदा फारसा दिसत नाही. पॅसिफिकमध्ये असे फक्त ३५ जण होते, छोटा गट आहे मान्य, पण आजार वाढेपर्यंतचा काळ ११.२ महिने विरुद्ध १०.९, म्हणजे जवळपास सारखाच.

त्यांच्यासाठी लॉरा नावाची ट्रायल झाली, २१६ पेशंट, किमो-रेडिएशननंतर ओसिमर्टिनिबची रोज एक गोळी. तिथे हाच काळ ३९.१ महिने, आणि प्लासिबोवाल्यांत ५.६. मेंदूत नवीन गाठी दिसण्याचं प्रमाण ८ टक्के विरुद्ध २९ टक्के, आणि ज्यांनी मेंदूत पसरलेला आजार जवळून पाहिलाय त्यांना या एका आकड्याची किंमत कळेल. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये याला मान्यता मिळाली. खुपणारी गोष्ट अशी की गोळी वर्षभराने थांबत नाही, आजार वाढेपर्यंत चालूच ठेवायची असते, म्हणजे वर्षानुवर्षं रोज औषध आणि त्याबरोबर जुलाब, पुरळ, नखांचा त्रास, सुरुवातीला फुफ्फुसाला सूज येण्याचा धोकाही. आणि एकूण आयुष्य किती वाढतं याचं पक्कं उत्तर पहिल्या निकालात नव्हतं, कारण प्लासिबोवाल्यांपैकी बहुतेकांना आजार वाढल्यावर हीच गोळी मिळाली.

मग दोन्ही घेतलं तर? आधी इम्युनोथेरपी सुरू करू, रिपोर्ट आला की गोळीवर जाऊ? हाच तो घोटाळा ज्यासाठी मी सुरुवातीला एवढं ठासून सांगितलं. इम्युनोथेरपीचं औषध शरीरात महिनोन्महिने काम करत राहतं, शेवटची सलाईन संपली म्हणून ते संपत नाही. पसरलेल्या आजाराच्या पेशंटवरच्या एका अभ्यासात इम्युनोथेरपीनंतर तीन महिन्यांच्या आत ओसिमर्टिनिब सुरू केलेल्या २१ पैकी ५ जणांना गंभीर रिअॅक्शन आली, त्यात फुफ्फुसाची सूज मुख्य, आणि उलट क्रमाने घेतलेल्या २९ जणांत एकालाही नाही. आकडे लहान आहेत पण दिशा स्पष्ट आहे, आणि रेडिएशनने आधीच भाजलेल्या फुफ्फुसावर असला प्रयोग कोण करेल.

इथे एक खरी ओढाताण आहे ती लपवत नाही. पॅसिफिकमध्ये रेडिएशन संपल्यावर १४ दिवसांच्या आत ज्यांना सुरू केलं त्यांचा फायदा जास्त दिसला, म्हणून काही ठिकाणी घाई करतात. पण जे पेशंट लवकर सावरतात त्यांनाच लवकर सुरू करता येतं, तेव्हा फायदा घाईचा की मुळातल्या तब्येतीचा हे त्यातून कळत नाही. ट्रायलमध्येच ४२ दिवसांपर्यंत मुभा होती. रिपोर्टसाठी आठ-दहा दिवस थांबल्याने जे जाईल त्यापेक्षा चुकीचा पहिला डोस जास्त महागात पडेल. सगळ्यात बरं म्हणजे ही टेस्ट किमो-रेडिएशन सुरू होतानाच पाठवायची, मग हा प्रश्नच येत नाही. बायोप्सीचा तुकडा पुरला नसेल तर रक्तातून म्युटेशन बघता येतं का ते विचारा, फक्त रक्तात काही नाही सापडलं म्हणजे म्युटेशन नाहीच असं धरू नका.

म्युटेशन नाही, मग दुसरा रिपोर्ट, पीडी-एल१ चा टक्का, म्हणजे गाठीतल्या किती टक्के कॅन्सर पेशींवर ते प्रोटीन दिसतं. १ टक्का किंवा जास्त असेल तर फार खल करायची गरज नाही, तब्येत साथ देत असेल तर घ्यावं. १ टक्क्याच्या खाली असेल तर मात्र जगातच दोन मतं आहेत. युरोपातल्या मान्यतेत १ टक्का किंवा जास्त अशी अट आहे, अमेरिकेत अशी अट नाही. कारण असं की पॅसिफिकमध्ये या गटात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, पण हे विश्लेषण ट्रायल झाल्यावर केलेलं, गट लहान, बऱ्याच पेशंटची टेस्टच झालेली नव्हती, आणि जी झाली ती रेडिएशनच्या आधीच्या तुकड्यावर. माझ्या मते इथे टक्का एकटा बघू नये. शून्य टक्का, वर जुना फुफ्फुसाचा आजार, वर संधिवातासारखा ऑटोइम्यून त्रास, असं असेल तर दर काही महिन्यांनी सीटी करत फॉलोअप ठेवणं हा हार मानल्यासारखा पर्याय नाही. शून्य टक्का पण बाकी माणूस ठणठणीत, तर घेऊन बघण्यात मला गैर वाटत नाही.

फुफ्फुसाच्या सुजेबद्दल थोडं, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त भीती याची असते. पॅसिफिकमध्ये कुठल्याही तीव्रतेची सूज ३३.९ टक्के लोकांना आली, प्लासिबोवर २४.८ टक्के. म्हणजे बरीचशी रेडिएशनचीच देणगी. गंभीर प्रकार ३.४ विरुद्ध २.६ टक्के. कोरडा खोकला वाढला, जिना चढताना पूर्वीपेक्षा धाप लागायला लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता कळवायचं, वेळेत स्टिरॉइड सुरू केलं तर बहुतेकदा आटोक्यात येतं. रेडिएशनची सूज आधीच असेल आणि स्टिरॉइडचा डोस अजून चालू असेल तर ती उतरेपर्यंत इम्युनोथेरपी सहसा सुरू करत नाहीत. थायरॉईड बिघडणं हेही होतं, पण ते रोजच्या गोळीने सांभाळता येतं.

किमो आणि रेडिएशन एकत्र न देता एकामागून एक दिलं असेल तर पॅसिफिकचे आकडे जसेच्या तसे लावू नका, तिथे सगळे एकत्रवाले होते. अशा पेशंटवर नंतर पॅसिफिक-६ झाली, धोका आवाक्यात दिसला, म्हणून दार बंद नाही.

राहता राहिली रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएची टेस्ट, जिच्याबद्दल बरेच जण विचारतात. कल्पना छान आहे: किमो-रेडिएशननंतर रक्तात कॅन्सरचा डीएनए सापडला नाही तर कदाचित पुढचं औषध नकोच. २०२० मधल्या एका अभ्यासात साधारण असंच दिसलं, डीएनए न सापडलेल्यांचं इम्युनोथेरपी असो वा नसो चांगलंच चाललं. पण पेशंट जेमतेम ६५. एवढ्यावर कुणाचं औषध थांबवावं असं मला वाटत नाही, कारण टेस्टला न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. साइड इफेक्टमुळे सहा-आठ महिन्यांनी थांबायची वेळ आलीच आणि त्या वेळी हा रिपोर्ट स्वच्छ असेल तर मनाला आधार म्हणून ठीक, तसंही पॅसिफिकमध्ये पूर्ण वर्ष काढलेले निम्मेच होते.