डाइव्हमास्टर करायचंय: मालवण, हॅवलॉक का को ताओ?

पुण्यातून डाइव्हमास्टर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमधला व्यावसायिक गाइड व्हायचा कोर्स, करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठे स्वस्त पडेल? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, कोर्स झाल्यावर काम कुठे करणार, आणि दुसरा, एका इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली किती ट्रेनी असणार. या दोन्हीची उत्तरं मिळाली की जागा जवळजवळ ठरतेच.

पात्रता सगळीकडे साधारण तीच. पॅडी आणि एसएसआय या सर्टिफिकेट देणाऱ्या दोन एजन्सी. पॅडीत वय 18 पूर्ण, त्याआधीचा रेस्क्यू कोर्स झालेला, सुरू करताना 40 डाइव्ह आणि सर्टिफिकेट मिळेपर्यंत 60, शिवाय डॉक्टरच्या सहीचा मेडिकल फॉर्म. एसएसआयमध्ये डाइव्ह गाइड आणि सायन्स ऑफ डायव्हिंग दोन्ही केलं की डाइव्हमास्टर. पॅडी का एसएसआय यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण जिथे नोकरी हवीये तिथली दुकानं कुठल्या एजन्सीची आहेत ते बघा आणि विषय संपवा.

मालवण-तारकर्ली आपल्याला सगळ्यात जवळ, बोलायला मराठी, जेवायला काय सांगायचं! तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरमध्ये 8 मीटर खोल पूल आहे, स्किल्स घासायला मस्त. पाणी बऱ्याचदा गढूळ, पण त्याचाही उपयोग होतो कारण समोरचं धड दिसत नसताना माणसं मोजत राहायची सवय लागते. अडचण वेगळीच आहे. तिथली बहुतेक गिऱ्हाइकं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उथळ पाण्यात पहिल्यांदाच उतरणारी, हात धरून खाली न्यायची, फोटो काढायचे, वर आणायचं. डाइव्हमास्टरचं खरं काम म्हणजे सर्टिफाइड लोकांचा ग्रुप घेऊन जाणं, ब्रीफिंग, करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह बघून प्लॅन बदलणं, कुणाची हवा किती उरलीये यावर लक्ष ठेवणं, त्याची प्रॅक्टिस इथे कमी मिळते.

आणि एक गोष्ट पुणेकर हमखास विसरतात. रविवारी दुपारी डाइव्ह करून रात्री गाडी काढायची आणि सोमवारी ऑफिस, हा आपला लाडका प्लॅन, पण आंबोलीचा घाट 690 मीटरच्या आसपास चढतो आणि पुणं स्वतःच 560 मीटरवर आहे. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. दोन-तीन दिवस लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान 18 तास विमानात बसू नका असं डॅन ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठीची संस्था सांगते, आणि तो सल्ला 2000 फुटांपासून म्हणजे साधारण 610 मीटरपासून लागू होतो, म्हणजे घाटातच तुम्ही त्यात आलात. शेवटची डाइव्ह शनिवारी उरका नाहीतर सोमवारची सुट्टी टाका. वीकेंड-वीकेंड करून डाइव्हमास्टर करायचं गणित इथेच फिसकटतं. रेस्क्यूपर्यंत मालवण उत्तम, पुढचं मी तिथे करणार नाही, अर्थात कोकणातच स्थायिक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अंदमानातलं हॅवलॉक, कागदोपत्री स्वराज द्वीप. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज यांसारख्या खोल साइट्स, कधी चांगला करंट, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं लॉगबुक घेऊन येणारे फन डायव्हर, म्हणजे ज्यांना गाइड करायला शिकायचंय ते लोक रोज समोर. वर्क परमिटची भानगड नाही, हिंदी येतं, आणि ज्या दुकानात ट्रेनी होतात तिथेच पुढच्या सीझनला लागलेले लोक भेटतात. पोर्ट ब्लेअरला (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) नेव्हीच्या हॉस्पिटलात डायव्हिंगच्या अशा त्रासावर उपचार करायचा रिकम्प्रेशन चेंबर आहे, हेही कमी नाही. त्रास म्हणजे हवा बिघडली की फेरी रद्द, आणि डिसेंबरच्या गर्दीत गेलात तर शिकणं कमी न्‌ सिलिंडर उचलणं जास्त. जानेवारी संपल्यावर जा, फेब्रुवारी ते एप्रिल समुद्रही शांत असतो.

को ताओ म्हणजे थायलंडचं जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट न्‌ त्यावर डझनावारी डाइव्ह शॉप, त्यामुळे स्पर्धेपायी कोर्स स्वस्त. सेल रॉकला नशीब असेल तर व्हेल शार्क, 2011 मध्ये मुद्दाम बुडवलेली सत्ताकुट ही युद्धनौका, आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात सगळं बंद असतं तेव्हा तिथे जून ते सप्टेंबर डायव्हिंग जोरात (नोव्हेंबर मात्र टाळा). नोकरी सोडून दोन महिने मोकळे असाल आणि डाइव्ह पटापट वाढवायच्या असतील तर याला तोड नाही. पण एकेका शॉपमध्ये ट्रेनींची रांग, एका स्टुडंटमागे तीन-तीन ट्रेनी तरंगताना दिसतील. ‘फ्री इंटर्नशिप’ दिसली तर जरा थांबा, टुरिस्ट म्हणून राहून तिथे काम करता येत नाही, पगार नसला तरी अंगाशी येऊ शकतं. कोर्सनंतर तिथेच नोकरी करायची तर वर्क परमिट लागणारच.

म्हणून भारतात काम करायचं असेल तर हॅवलॉक, थोडे जास्त पैसे गेले तरी. बाहेरच्या देशात फिरत काम करायचं असेल तर को ताओ.

कुठेही जा, 400 मीटर स्विम आणि 15 मिनिटं खोल पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणं, या कोर्सच्या पोहण्याच्या परीक्षा, इथेच पुण्यात टिळक टँकवर पक्कं करून जा. 800 मीटर स्नॉर्कल स्विमला फिन्स लागतात, त्यांना टँकवर परवानगी मिळेलच असं नाही, आधी विचारा. थिअरी ऑनलाइन होते, ती घरीच उरका, बेटावर जाऊन गॅसचे नियम पाठ करत बसणं म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे वाया. आणि पैसे भरायच्या आधी शॉपला मेसेज टाका: त्या महिन्यात ट्रेनी किती, खऱ्या कोर्सला असिस्ट करायला मिळणार का, ‘अनलिमिटेड डाइव्ह’च्या पॅकेजमध्ये बोटीवर जागा नसली की पहिला कोण उतरणार? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरं शॉप बघा.