दुचाकीच्या अपघातानंतर सोलापुरात दावा कोणत्या वाटेने करावा?

अपघातातला माणूस अजून सिव्हिलच्या वॉर्डातच असतो आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या गाडीचा मालक गावातली दोन वजनदार माणसं घेऊन येतो. "दवाखान्याचं बघतो आम्ही, केस कशाला वाढवायची?" माझ्या आतेभावाच्या वेळी असंच झालं. यंत्रमागावरची पाळी संपवून तो रात्री मोहोळकडे निघाला होता. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. घरच्यांनी चाळीस हजारांवर मिटवलं. चार महिन्यांनी कळलं, गुडघा पूर्ण वाकणार नाही आणि दिवसभर मागापाशी उभं राहणं आता जमणार नाही. तेव्हापासून नात्यात किंवा गल्लीत कुणाचा अपघात झाला की मी त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसतो. या चार-पाच वाटा पुन्हापुन्हा समोर येतात. कुठली कुणासाठी बरी, हे माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

मिटवून घेणं की दावा

मालक घाबरलेला असतो, कारण सगळा पैसा आपल्या खिशातून जाणार असं त्याला वाटतं. पण गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. म्हणून मिटवामिटवीत जखमी माणूस जे सोडून देतो, त्यातलं बरंचसं मालकाचं नसतंच. कागदावर सही केली म्हणजे हक्क कायमचा संपला असं नाही, पण गुन्हा नोंदला जात नाही, पंचनामा होत नाही आणि पुढे ट्रॅक्टर कुणाचा होता इथूनच वाद सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे: हाड मोडलं असेल तर जागेवर मिटवू नका. खरचटण्यावर आणि गाडीच्या नुकसानीवर भागलं असेल तर मिटवायला हरकत नाही.

"आज बिल कोण भरणार?" या एका प्रश्नापायी बहुतेक घरं तडजोडीला तयार होतात. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार तिच्यातून होतो. रुग्णालयात पहिल्याच दिवशी या योजनेचं विचारा. ‘अपघात’ अशी एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायच्या (मेडिको-लीगल) केसची नोंद, करून घ्या. "घसरून पडला" असं केसपेपरवर लिहिलं गेलं, तर तोच कागद विमा कंपनीचा वकील पुढे दाखवतो.

कलम १६४ की कलम १६६

निवड इथे चुकली तर लाखांचा फरक पडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. समोरच्या गाडीमुळे मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, अशी ठरलेली रक्कम आहे. १ एप्रिल २०२२ पासून हे लागू आहे. गंभीर दुखापत म्हणजे पाय तुटलाच पाहिजे असं नाही. फौजदारी कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं किंवा सांधा निखळणं हेही त्यात येतं.

कलम १६६ खाली मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि रकमेला वरची मर्यादा नाही. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना आणि पुढच्या आयुष्यातली कमाईची घट, हे सगळं मागता येतं.

दोन्ही मिळत नाहीत. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. म्हणून विमा कंपनीने सुरुवातीलाच अडीच लाख पुढे केले तर घाईने सही करू नका. एक हिशेब करून बघा.

समजा ३२ वर्षांचा यंत्रमाग कामगार महिन्याला १५,००० कमावतो. स्वतःच्या हिमतीवर किंवा ठरावीक पगारावर कमावणारा चाळिशीच्या आतला माणूस असेल तर भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के जोडतात, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; या वयाला तो १६, म्हणजे ४०,३२,०००. कमाईची घट ३० टक्के धरली तरी १२,०९,६०० होतात. दवाखान्याचा खर्च आणि बाकीचं यात धरलेलं नाही.

आता दुसरी बाजू. गळ्याचं हाड मोडलं, तीन महिन्यांत जुळलं, माणूस पूर्वीसारखा कामाला लागला. त्याच्या कमाईत कायमची घट नाही. १६६ खाली वर्षानुवर्षं तारखा करून त्याच्या हाती अडीच लाखांपेक्षा कमीही येऊ शकतं. त्यातून चूक थोडी त्याचीही निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. अशा माणसाला मी १६४ च सांगतो.

मग ठरवायचं कशावर? अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवर? फक्त त्यावर नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. गुडघ्याचे तेच ४० टक्के टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाला फारसे अडवत नाहीत, पण माग चालवणाऱ्याचा, गवंड्याचा किंवा हमालाचा धंदाच बंद करतात. हे न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, पटवायचं तर नुसता दाखला जोडून चालत नाही. डॉक्टर साक्षीला यावे लागतात आणि काम कसं होतं हे मालकाने किंवा सोबतच्या कामगाराने सांगावं लागतं. यंत्रमागावर, बिडी कारखान्यात मजुरी रोख मिळते, पगारपत्रक नसतं. मग पीएफची पावती, बँकेतल्या जमा, मालकाचा जबाब, जे असेल ते आधीच जमवा. काहीच नसेल तर कमाई अंदाजाने धरतात, आणि तो अंदाज सहसा कमीच असतो.

हेल्मेट नव्हतं किंवा गाडीवर तिघं होते म्हणून दावाच करता येत नाही, असं बरेच जण धरून चालतात. २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तिघं बसले एवढ्यावरून चालकाचा दोष ठरत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा दुखापत वाढली, हे दाखवावं लागतं. हेल्मेट घालाच, पण ते नव्हतं म्हणून हक्क सोडू नका.

खासगी वकील की विधी सेवा प्राधिकरणाचा वकील

सोलापुरात लोक पहिल्यांदा खासगी वकिलाकडे जातात, तेही बहुतेक वेळा वॉर्डात भेटलेल्या एजंटामार्फत. "आधी काही नको, मिळाल्यावर इतके टक्के" असं तो सांगतो. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. पैसे नसलेल्या घराला ही बोली सोयीची वाटते हे मला कळतं. पण अशा बोलीत वकिलाचा ओढा लवकर मिटवण्याकडे जातो, हे मी बघितलंय.

दुसरी वाट जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतल्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. कोर्ट फीचा भारही राहत नाही. फोन करून विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. नवरा अपघातात गेला आणि दावा बिडी वळणाऱ्या बायकोला करायचा आहे, अशा घरात मी आधी इथेच नेतो.

मोफत वकील कच्चाच असणार, हा समज मला मान्य नाही. उणीव असते ती वेगळी: वकील तुम्ही निवडलेला नसतो आणि कागद गोळा करायची धावपळ तुम्हालाच करावी लागते. कमाईच्या टक्क्यांवर मोठा वाद होणार असेल, डोक्याला किंवा मणक्याला मार असेल, तर अपघात दाव्यांत मुरलेला खासगी वकील मला जास्त योग्य वाटतो. कुठलाही वकील करा, तीनच गोष्टी विचारा: डॉक्टरांची साक्ष कोण आणि कधी घेणार, फी किती आणि पावती देणार का, आणि रक्कम थेट माझ्याच खात्यात येईल ना. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागितली तर उठून या.

लोकअदालत की पूर्ण सुनावणी

लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि कंपनी अपिलात जाऊ शकत नाही. पण तुम्हालाही अपील नाही. निवाडा अंतिम. म्हणून प्रश्न एवढाच असतो की त्या दिवशी तुमच्या हातात काय आहे. उपचार संपलेत, अपंगत्वाचा दाखला आला आहे, वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडला आहे, तर दोन पावलं मागे येऊन मिटवणं शहाणपणाचं असतं. पायात बसवलेली धातूची पट्टी अजून काढायची असेल किंवा दुसरं ऑपरेशन बाकी असेल तर नाही म्हणा. नाही म्हटल्याने काही बिघडत नाही, केस आपल्या न्यायाधिकरणाकडे परत जाते.

उसाच्या ट्रॅक्टरच्या केसमध्ये मात्र मी जरा लवचिक असतो. विमा ट्रॅक्टरचा असतो, ट्रॉलीचा नसतो. शेतीसाठी म्हणून काढलेल्या पॉलिसीवर कारखान्याची वाहतूक चाललेली असते. कंपनी हे मुद्दे लावून धरते आणि केस लांबते. तिथे रास्त रक्कम समोर आली तर विचार करावा.

गाडी पळून गेली तर, आणि आपणच पडलो तर

नंबर मिळालाच नाही तर २०२२ च्या योजनेखाली मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. यात कोर्ट नाही. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पुढे गाडी सापडली आणि दाव्यात रक्कम मिळाली तर ही रक्कम परत जाते.

आपल्याकडे सीमा जवळ असल्याने एक घोळ नेहमी होतो. पळून गेलेल्या गाडीचा अर्ज अपघात जिथे झाला त्या भागातच द्यावा लागतो. विजयपूर रस्त्यावर कर्नाटकात गेल्यावर अपघात झाला असेल तर तिकडेच. न्यायाधिकरणातला दावा मात्र तुम्ही राहता तिथेही चालतो. गाडी कर्नाटकची, अपघात तुळजापूरच्या घाटात आणि तुम्ही अक्कलकोट रस्त्याला राहता, तरी सोलापुरात दावा दाखल होतो. तारखांना परगावी जायची गरज नाही.

खड्ड्यात किंवा वाळूवर आपणच घसरलो तर समोर कुणी गाडीवाला नसतो, म्हणून १६४ ही नाही आणि १६६ ही नाही. स्वतःच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण असेल तर तेवढाच आधार, तोही मृत्यू किंवा कायमच्या मोठ्या अपंगत्वालाच. साध्या फ्रॅक्चरला त्यातून काही येत नाही. मागे बसलेल्याचं वेगळं: गाडीची पॉलिसी पूर्ण, म्हणजे पॅकेज असेल तर त्याला मागता येतं, नुसती थर्ड पार्टी असेल तर विमा कंपनी हात वर करते. ही ओळ घरातल्या पॉलिसीवर आजच वाचून ठेवा.

राहिली मुदत. १६६ चा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा, असं कायद्यात आता लिहिलेलं आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पोलीस ठाण्यात जाऊन तो गेला का विचारा आणि एफआयआर, पंचनामा, गाडीच्या विम्याची प्रत घ्या. अपघाताची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पाचव्या महिन्याच्या आत वकीलपत्रावर सही झालेली असू द्या.