चापडा बघायचाय? मलबारी की बांबूतला?

पाऊस स्थिरावला की कुणी ना कुणी विचारतंच, "दोन रात्री मोकळ्या आहेत, चापडा बघायला कुठे जाऊ?" चापडा हा विषारी साप, पण त्याच्या जाती बऱ्याच. मग आधी विचारावं लागतं, कुठला चापडा? आपल्याकडे लोक शोधायला निघतात ते मुख्यतः दोन. एक बांबू चापडा, दुसरा मलबारी.

मुंबई-पुण्याहून जवळचं हवं असेल तर बांबू चापडा. माथेरान, महाबळेश्वरच्या बाजूला तो आहे आणि सह्याद्रीबाहेर पूर्व घाटातही सापडतो. मलबारी फक्त पश्चिम घाटाचा. त्यासाठी सरळ आंबोली गाठावी, नाहीतर गोव्याकडचे घाट.

अंतर सोडलं तर मी पहिल्या खेपेला मलबारीच सुचवतो. बांबू चापडा हिरवा, बांबूचं बेटही हिरवं, आणि साप पाऊण मीटरच्या आसपास. त्यात हरणटोळ, म्हणजे दुसराच एक हिरवा साप, दिसला की "सापडला!" म्हणून ओरडणारे असतातच. हरणटोळाचं तोंड टोकदार आणि डोळ्यातली बाहुली आडवी. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. मलबारी मात्र ओढ्याकाठच्या खालच्या फांदीवर किंवा खडकावर, कधी अगदी कमरेच्या उंचीवर बसलेला असतो. रंग एकच नाही: हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगीसुद्धा. पाठीवर गडद नागमोडी ठिपके, डोळ्यामागे काळी पट्टी. शिवाय तो हलत नाही. एकदा एक पिवळा मलबारी मी सलग तीन रात्री त्याच फांदीवर पाहिला. तिसऱ्या रात्री वेटोळं तेच, फक्त डोकं दुसऱ्या बाजूला वळलेलं.

तो हलत नाही कारण त्याला हलायची गरज नाही. डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो, विजेरीच्या उजेडात स्पष्ट दिसतो. आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला, दोन्ही बाजूंना हवा. समोरून येणारी उष्णता पडद्याला पोचते, आणि त्यातले मज्जातंतू तापमानातला अगदी बारीक फरक टिपतात. घोणस आणि फुरशाला हा खळगा नाही. या खळग्यामुळे उंदीर-पाखरू अंधारातही चापड्यापासून लपत नाही. बेडूक थंड असतो म्हणून सुटतो असं वाटेल, पण खळग्याला हवा असतो तो फरक. भोवतालपेक्षा गार वस्तूही उठून दिसते. आंबोलीत ओढ्याकाठी बेडकांना तोटा नाही, आणि मलबारी तिथेच का बसतो ते यातून कळतं.

आपला हातही त्याच्या लेखी अंधारातली गरम वस्तूच. विजेरी बंद केली म्हणून आपण गायब होत नाही. पायवाट चढताना आधाराला फांदी धरायची सवय असेल तर ती घरी ठेवून यावी. या बाबतीत दोन्ही चापडे सारखेच.

विषाच्या बाबतीतही निवड करण्यासारखं फार काही नाही. दोघांच्या चाव्याने जबर सूज आणि ठणका, कधी रक्तस्राव. माणूस दगावणं क्वचित. पण आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनते, चापड्याच्या नाही. म्हणजे दवाखान्यात उपचार होतात ते लक्षणं बघून, आणि साप कुठला होता हे डॉक्टरांना सांगता आलं तर बरं. चावा बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नये. दक्षिणेकडे खाली गेलात तर जमिनीवरच्या पाचोळ्यात राहणारा, नाक वर उचललेला छोटा चापडा भेटू शकतो. आकारावर जाऊ नका, त्याच्या विषाने मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. तिकडे बूट घालूनच चालावं.

पिल्लं बघायची हौस असेल तर एक सांगतो: दोन्ही जातींची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. अंगठ्याएवढं वेटोळं पानावर बसलेलं असतं. फोटोच्या नादात पान आपल्याकडे ओढू नका.

आंबोलीला निघालात तर वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्या, आणि विजेरीचे सेल दोन जोड्या जास्त.