प्रोस्टेट बायोप्सीचं न्यूरोएन्डोक्राइन पॅनेल: स्टेन उत्तम, रिपोर्ट अपुरा

प्रोस्टेटच्या तुकड्यात न्यूरोएन्डोक्राइन (मज्जापेशी आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशी, दोन्हींचे गुण असलेल्या) पेशी आहेत का, हे टिश्यूवर खुणेचे रंग म्हणजे स्टेन चढवून पाहणाऱ्या तपासण्यांचा संच म्हणजे हे पॅनेल. नाशिकमधल्या एका खासगी लॅबच्या या पॅनेलमध्ये अशा पेशींच्या खुणा दाखवणारे सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि आयएनएसएम-१, पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा केआय-६७ आणि जोडीला प्रोस्टेटच्या पेशी ओळखणारा एनकेएक्स ३.१ आहे. निवड विचारपूर्वक केलेली आहे. एकट्या सीडी-५६ या खुणेवर विसंबणाऱ्या पॅनेलपेक्षा हे खूपच भरवशाचं, कारण सीडी-५६ इतर अनेक पेशींनाही लागतो. स्टेन स्वच्छ येतो, प्रत्येक स्लाइडवर कंट्रोल (स्टेन नीट लागला का ते दाखवणारा नमुना) असतो. शिवाय कोअर (सुईने काढलेला तुकडा) बारीक म्हणून कोऱ्या स्लाइड आधीच कापून ठेवतात. मेणाच्या ब्लॉकमधलं टिश्यू पुन्हापुन्हा छाटलं जाऊन संपत नाही, हे फार मोलाचं.

खोट आहे ती रिपोर्टमध्ये. ‘न्यूरोएन्डोक्राइन बदल आढळले’ एवढंच लिहितात. नेहमीच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात (प्रोस्टेटचा सर्वसाधारण, ग्रंथीपेशींचा कॅन्सर) क्रोमोग्रॅनिन घेणाऱ्या विखुरलेल्या पेशी बरेचदा सापडतात. तेवढ्यावरून उपचार बदलत नाहीत, म्हणून हे पॅनेल सरसकट प्रत्येक बायोप्सीवर लावूही नये. लालभडक दाण्यांच्या, आतड्यातल्या पॅनेथ पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी तर बहुधा सौम्य वागतात. स्मॉल सेल कार्सिनोमा मात्र पूर्ण वेगळा: एकमेकींत दाबल्या गेलेल्या गडद केंद्रकांच्या पेशी, नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचे भाग), केआय-६७ बहुतेकदा ५० टक्क्यांच्या वर. त्याला ग्लीसन स्कोअर (प्रोस्टेट कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) द्यायचा नसतो, आणि औषधंही बदलतात: प्लॅटिनमवर्गातलं औषध आणि इटोपोसाइड, म्हणजे केमोथेरपी. या तिघांना एकच वाक्य लावलं तर रुग्ण विनाकारण घाबरतो किंवा खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

दुसरी उणीव फॉर्मची. हार्मोन रोखणाऱ्या उपचारांनंतर उद्भवणाऱ्या न्यूरोएन्डोक्राइन कॅन्सरला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे, पण इथल्या फॉर्मवर आधीच्या उपचारांचा रकानाच नाही. एन्झालुटामाइड किंवा अ‍ॅबिराटेरोन ही हार्मोन रोखणारी औषधं चालू असताना पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा मार्कर) कमी आणि यकृतात मात्र नव्या गाठी, असं चित्र असेल तर ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेगळं लिहावं.

रक्तातल्या क्रोमोग्रॅनिनची तपासणीही इथे होते. पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्यांनी आणि किडनी कमजोर असल्यास तो आकडा वाढतो. नुसत्या त्यावर निर्णय घेऊ नये.

सॅम्पल १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, टिश्यूच्या निदान दसपट द्रावात पाठवा. ६ ते ७२ तासांत प्रोसेसिंग सुरू व्हायला हवं. मालेगाव, सटाण्याहून शनिवारी निघालेलं सॅम्पल सोमवारपर्यंत पडून राहत नाही ना, हे आधी फोनवर विचारा. हाडाचा तुकडा असेल तर त्यातलं कॅल्शियम काढून तो मऊ करायला ‘ईडीटीए वापरा’ असं ठळक लिहा. तीव्र आम्लात ठेवला की स्टेन फिके पडतात. ईडीटीएला काही दिवस जास्त लागतील, पण लागू द्या.